विश्लेषण : मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवता येते का? आणि मग दहावीचे काय?

उर्वरित महाराष्ट्रात शाळेची घंटा जूनच्या मध्यावर वाजते. विदर्भात उन्हामुळे ती महिनाअखेरीकडे सरकते. त्या दिवशी नागपुरातल्या बहुतेक घरांत डबा, दप्तर आणि स्कूल व्हॅनची घाई असते. मोजक्या घरांत मात्र ती नसते. तिथली मुले घरीच शिकतात. कुठे कारण श्रद्धेचे असते, कुठे आरोग्याचे, कुठे शाळेत आलेल्या कटू अनुभवाचे. ‘होमस्कूलिंग’ हा शब्द आपल्याकडे नवा असला तरी प्रयोग नवा नाही. प्रार्थना, मोजका आहार, पायी चालणे आणि घरचेच शिक्षण असा दिनक्रम आपल्या मुलांसाठी आखणारे एक वडील पुढे नागपूरपासून साधारण ७५ किलोमीटरवर, सेवाग्रामला राहायला आले. त्या घरात काय साधले आणि काय निसटले, हे आजच्या पालकांनी पाहण्यासारखे आहे.

होमस्कूलिंग म्हणजे नेमके काय?

शाळेत नाव न घालता मुलाच्या शिक्षणाची जबाबदारी पालकांनी स्वतः घेणे. काही पालक बोर्डाची पुस्तके आणून घरी वेळापत्रक लावतात. काही अभ्यासक्रमच ठेवत नाहीत, मुलाला ज्यात रस आहे तिथून सुरुवात करतात. शाळेची फी भरून ऑनलाइन तास करणे हे होमस्कूलिंग नव्हे. शाळा सुटलेल्या, कामाला जुंपलेल्या मुलाचे घरी असणे तर नव्हेच.

अशा घरातला दिवस कसा असतो?

सर्वांत मोठा फरक झोपेत दिसतो. सकाळच्या शाळांमुळे लहान मुलांची झोप अपुरी राहते, हे राज्य सरकारनेही मान्य केले आहे. म्हणूनच फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवण्याचा निर्णय झाला. घरी शिकणाऱ्या मुलाला या निर्णयाची वाट पाहावी लागत नाही. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा दिवसाची रचनाच बदलता येते. पहाटे अंबाझरी किंवा फुटाळ्याकडे चालणे, ऊन चढण्याआधी गणित, दुपारी वाचन आणि संध्याकाळी मैदान.

पाच ते सतरा वयोगटाने रोज सरासरी किमान ६० मिनिटे चांगला घाम येईल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शाळेत आठवड्यातून एक-दोन ‘पीटी’चे तास मिळणाऱ्या मुलाला हे अवघड जाते. घरी ते सोपे असते, पण आपोआप होत नाही. शाळा नाही म्हणून वाचलेले तास मोबाइल गिळतो, असेही घडते. घरी राहणारे मूल निरोगीच असते हा समज तपासून घ्यावा असा आहे.

शिकवायला साहित्य मात्र नागपुरात भरपूर आहे. १८६३ पासूनचा अजब बंगला आहे, रामन विज्ञान केंद्र आहे, महाराजबाग आहे. आणि संत्रे आहे. एकाच झाडाला आंबिया आणि मृग असे दोन बहार कसे घेतात, बहार येण्यासाठी झाडाला पाण्याचा ताण का देतात, हे कळमना बाजारात किंवा काटोलच्या एखाद्या बागेत विचारले की वनस्पतिशास्त्र, हवामान आणि भाव असे तीन विषय एका फेरीत होतात. स्वयंपाकघरात गोळाभात करताना डाळ-तांदळाचे प्रमाण काढणे हाही अपूर्णांकाचाच धडा असतो. असे तास रंगतात. पण भागाकाराचा सराव रोज वीस मिनिटे घ्यावाच लागतो आणि तो रंगत नाही. हे काम कंटाळवाणे झाल्यावरही वर्षानुवर्षे कोण करणार, यावर घरशाळा टिकते किंवा मोडते. बहुतेक घरांत याचे उत्तर ‘आई’ असते आणि त्यासाठी तिने नोकरी सोडलेली असते. या खर्चाचा आकडा फीच्या पावतीवर येत नाही.

श्रद्धेचा भाग किती?

घराघरांत वेगळा. कुठे देवापुढे दिवा आणि श्लोक, कुठे बुद्धवंदना आणि पंचशील, कुठे नमाज, कुठे बायबलवाचन. विदर्भाच्या खेड्यांत राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी रुजवलेले पहाटेचे सामुदायिक ध्यान आणि संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना आजही होते. त्यात शाळेत जाणारी मुलेही बसतात. म्हणजे प्रार्थनेसाठी शाळा सोडावी लागत नाही. शाळा काय शिकवते किंवा तिथली संगत कशी आहे, याला आक्षेप असतो तेव्हा प्रश्न येतो.

युरोपात हा वाद न्यायालयात गेला. जर्मनीत शाळा सक्तीची आहे. तिथल्या कोनराड या ख्रिस्ती कुटुंबाने धार्मिक कारणासाठी मुलांना घरी शिकवण्याची परवानगी मागितली. २००६ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने त्यांच्या विरोधात कौल दिला. शाळा सुटल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी धर्मशिक्षण देण्यास पालक मोकळे आहेत, असा त्यामागचा युक्तिवाद होता. अमेरिकेत उलट चित्र आहे. तिथे सर्व ५० राज्यांत घरी शिकवणे कायदेशीर आहे आणि ही चळवळ वाढवण्यात धार्मिक कुटुंबांचा मोठा वाटा होता.

गांधीजींनी आपल्या मुलांना शाळेत का घातले नाही?

जानेवारी १८९७ मध्ये गांधीजी कुटुंबासह दरबानला उतरले तेव्हा त्यांच्यासोबत नऊ वर्षांचा हरिलाल, पाच वर्षांचा मणिलाल आणि दहा वर्षांचा भाचा होता. गोऱ्यांच्या शाळेत हिंदी मुलांना प्रवेश नव्हता. गांधीजींच्या मुलांना खास सवलत म्हणून तो मिळू शकला असता. इतरांना न मिळणारी सवलत त्यांना नको होती आणि मिशनच्या शाळांतले इंग्रजी माध्यम पसंत नव्हते. महिना सात पौंडांवर एक इंग्रज शिक्षिका ठेवली, बाकी शिक्षण घरी, गुजरातीत. जोहान्सबर्गला असताना मुले वडिलांबरोबर काही मैल पायी चालत आणि वाटेतल्या गप्पा हाच तास असे.

१९१० मध्ये सुरू झालेल्या टॉलस्टॉय फार्मवर हाच प्रयोग मोठा झाला. सकाळी शेतीकाम आणि श्रम, दुपारच्या जेवणानंतर वर्ग. पाठ्यपुस्तकांवर भर नव्हता. मुस्लिम मुलांचे रोजे असले की हिंदू, पारशी, ख्रिस्ती मुलेही त्यांच्याबरोबर उपवास करत. श्रद्धा आणि आरोग्य यांची सांगड घालणारी घरशाळा म्हणजे काय, याचे याहून ठळक उदाहरण सापडणे कठीण.

किंमत मात्र मुलांनी मोजली. हरिलाल यांना औपचारिक शिक्षण हवे होते. १९११ मध्ये ते वडिलांना सोडून शिकण्यासाठी भारतात परतले, पण मॅट्रिकची पायरी त्यांना पार करता आली नाही. बाप-लेकातली ती दरी पुढे कधीच बुजली नाही. मुलांच्या अक्षरशिक्षणाला आपण पुरेसा वेळ देऊ शकलो नाही, त्यांची तक्रार निराधार नाही, हे गांधीजींनी आत्मचरित्रात मान्य केले आहे. निर्णय मात्र चुकला असे त्यांनी म्हटले नाही. त्याच घरातले देवदास पुढे ‘हिंदुस्थान टाइम्स’चे संपादक झाले. मणिलाल यांनी दक्षिण आफ्रिकेत अनेक दशके ‘इंडियन ओपिनियन’ चालवले. तिसरे चिरंजीव रामदास नागपुरात राहत. ३१ जानेवारी १९४८ रोजी विमानाने दिल्ली गाठून वडिलांच्या चितेला अग्नी त्यांनीच दिला.

आश्रमातल्या पुढच्या पिढीची गोष्ट वेगळी आहे. महादेवभाई देसाई यांचे पुत्र नारायण देसाई साबरमती आणि सेवाग्रामच्या वातावरणात वाढले. त्यांनी शाळा लहानपणीच सोडली आणि वडिलांच्या हाताखाली शिकले. पुढे त्यांनी गुजरातीत चार खंडांचे गांधीचरित्र लिहिले आणि ते गुजरात विद्यापीठाचे कुलपती झाले. पण त्यांना शिकवणारे होते महादेवभाई आणि अवतीभोवती अख्खा आश्रम. दोन खोल्यांच्या फ्लॅटमधल्या आई-वडिलांनी हे उदाहरण स्वतःला लावताना एवढे लक्षात घ्यावे.

मग सक्तीच्या शिक्षणाचा आग्रह वर्ध्यातूनच कसा आला?

सेवाग्रामला आल्यानंतर साधारण दीड वर्षातच, २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी, गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. तिचा पहिलाच ठराव देशभर सात वर्षांचे मोफत आणि सक्तीचे शिक्षण द्यावे असा होता. मातृभाषेतून शिकवावे आणि हस्तोद्योग केंद्रस्थानी असावा, हे त्यापुढचे ठराव. डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने त्यावरून ‘नई तालीम’चा आराखडा केला. स्वतःच्या मुलांना शाळेबाहेर ठेवणाऱ्याने देशातल्या मुलांसाठी शाळा सक्तीची मागितली, ही विसंगती वाटते. पण ज्या घरात पुस्तक नाही आणि शिकवायला कुणी रिकामे नाही, त्या घरातल्या मुलाला शाळेखेरीज दुसरा आधार नव्हता. तो आजही नाही. सरकारी आणि अनुदानित शाळेत आठवीपर्यंत मिळणारा पोषण आहार हाही त्याच आधाराचा भाग आहे.

आजचा कायदा काय सांगतो?

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणे हे कलम १० नुसार पालकांचे कर्तव्य आहे. ते न पाळल्यास पालकांना शिक्षा किंवा दंड या कायद्यात नाही. होमस्कूलिंगला परवानगी देणारे किंवा मनाई करणारे स्पष्ट कलमही नाही. २०१२ च्या दुरुस्तीने मदरसे, वैदिक पाठशाळा आणि प्रामुख्याने धर्मशिक्षण देणाऱ्या संस्था कायद्याबाहेर काढल्या. पण ती सूट संस्थांना आहे, घराला नाही.

चार-पाच घरांनी मिळून मुले एकत्र शिकवायला घेतली तर सावध राहायला हवे. मान्यतेशिवाय शाळा चालवणाऱ्याला एक लाख रुपयांपर्यंत आणि त्यानंतर दररोज दहा हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे. एकत्र अभ्यास कुठे संपतो आणि शाळा कुठे सुरू होते, यावर वाद होऊ शकतो. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणासाठी शिक्षक दारात आले तर मूल काय शिकते याची वही, वाचलेल्या पुस्तकांची यादी, केलेल्या कामाची नोंद दाखवता आली पाहिजे.

परतीचा रस्ता कायद्यानेच ठेवला आहे. शाळेत कधीच न गेलेल्या किंवा शाळा सुटलेल्या मुलाला कलम ४ नुसार त्याच्या वयाच्या वर्गात प्रवेश मिळतो आणि मागे पडलेले भरून काढायला विशेष प्रशिक्षणही. हा हक्क माहीत नसल्याने अनेक पालक घाबरतात. प्रयोग जमला नाही तर मुलाला परत पाठवता येते.

दहावी-बारावीचे काय?

खरी कसोटी इथे लागते. मुंबईच्या मालविका जोशीला तिच्या आईने सातवीनंतर शाळेतून काढले आणि घरी शिकू दिले. तिने आंतरराष्ट्रीय संगणक ऑलिम्पियाडमध्ये तीन पदके मिळवली आणि २०१६ मध्ये तिला अमेरिकेतल्या एमआयटीत प्रवेश मिळाला. आयआयटीचे दार मात्र तिला बंद होते, कारण बारावीचे प्रमाणपत्र नव्हते. हे उदाहरण होमस्कूलिंगच्या प्रत्येक चर्चेत येते आणि त्यातली दुसरी बाजू बहुधा वगळली जाते. ऑलिम्पियाडचे पदक नसलेल्या मुलाला प्रमाणपत्राशिवाय नोकरीचा साधा अर्जही भरता येणार नाही.

राज्य मंडळाचा ‘१७ नंबरचा फॉर्म’ विदर्भात घरोघरी माहीत आहे. पण तो मुळात शाळा अर्ध्यात सुटलेल्यांसाठी आहे आणि त्यासोबत शाळा सोडल्याचा दाखला मागितला जातो. जन्मापासून घरीच शिकलेल्या मुलाची गाडी तिथे अडते. राज्य मंडळाच्या अखत्यारीतले महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ आहे. त्यात पाचवी आणि आठवीच्या परीक्षेचीही सोय असल्याने मधल्या टप्प्यावर एखादा कागद हाताशी येतो.

घरी शिकणाऱ्यांना सर्वांत सोयीचा पडतो तो राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, म्हणजे ‘एनआयओएस’चा मार्ग. दहावीसाठी वय १४ पूर्ण हवे. आधीच्या वर्गाचे प्रमाणपत्र लागत नाही, आपण अभ्यासाला पुरेसे तयार आहोत असे स्वयंघोषणापत्र चालते. माध्यमांत मराठीही आहे. किमान पाच विषय उत्तीर्ण व्हावे लागतात. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होते. डॉक्टर व्हायचे असेल तर एक जुनी भीती अजून ऐकू येते. २०१८ मध्ये ‘नीट’च्या अधिसूचनेने मुक्त विद्यालयाच्या विद्यार्थ्यांना अपात्र ठरवले होते. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने ती अट रद्द केली.

तेराव्या-चौदाव्या वर्षी हा अर्ज भरताना मुलाला विचारावे लागते, की पुढे घरीच शिकायचे की शाळेत जायचे. सहाव्या वर्षी तो निर्णय आई-वडिलांनी घेतलेला असतो. हरिलाल यांना हा प्रश्न त्या वयात कुणी विचारला नव्हता. एनआयओएसची नोंदणी पाच वर्षे चालते, त्यात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात आणि उत्तीर्ण झालेले विषय खात्यात जमा राहतात. चौदाव्या वर्षी सुरू केलेली दहावी एकेक, दोन-दोन विषय करत एकोणिसाव्या वर्षापर्यंतही पूर्ण करता येते.