थेंब कुठून येतो?

आमच्या हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये कोणाची गाडी कुठे लागते, हे जमिनीवरच्या डागांवरून ओळखता येतं. माझा डाग सगळ्यात मोठा. गाडी १९९४ सालची यामाहा आरएक्स १००, बाबांनी पहिल्या नोकरीत घेतलेली. ही गाडी भारतात १९८५ ते १९९६ एवढीच वर्षं बनली, त्यामुळे माझी गाडी वयाने माझ्यापेक्षा मोठी आहे. "सांभाळशील तर ने, नाहीतर इथेच राहू दे," असं बजावून बाबांनी किल्ली दिली होती. आणि तिसऱ्याच महिन्यात रेक्टर सरांनी मला जिन्याखाली बोलावलं. "हे नुसतं ऑइल आहे, की पेट्रोलपण आहे? वर मीटरचा बोर्ड आहे, दिसतोय ना? सोमवारपर्यंत बंद झालं नाही तर गाडी घरी पाठव."

सरांचा प्रश्न बरोबर होता आणि उत्तर मला माहीत नव्हतं. एका गॅरेजवाल्याने दोन मिनिटं वाकून बघितलं आणि "इंजिन उतरवू, सगळी सीलं बदलू" असं सांगून जो आकडा सांगितला, तो ऐकून मी गाडी ढकलत परत आलो. मेसचं बिल अजून भरायचं होतं!

मग आमच्या वर्कशॉपमधल्या काकांनी एक साधी युक्ती सांगितली. आधी थेंब कुठून येतो ते बघ, मग बाजारात जा. तेल कव्हरच्या कडेने ओघळतं, वाऱ्याने मागे जातं, धुळीत मिसळतं आणि शेवटी सगळ्यात खालच्या बोल्टवरून टपकतं. आपण त्या बिचाऱ्या बोल्टला दोष देत बसतो. मी गाडी मैदानात नेली, इंजिन थंड असताना रॉकेल आणि जुन्या टूथब्रशने खालून-वरून धुतली, कोरडी पुसली आणि रूममेटची टाल्कम पावडर फवारली (त्याला हे मासिक वाचूनच कळेल). खाली पेपर अंथरला. सकाळी पावडरीत दोन ओघळ स्पष्ट दिसले. एक पेट्रोल कॉकच्या खांद्यापासून कार्ब्युरेटरवर आलेला, दुसरा डाव्या बाजूला, पुढच्या स्प्रॉकेटच्या मागून.

पेट्रोलचं आधी सांगतो, कारण घाबरायचं ते त्यालाच. कार्ब्युरेटरच्या ओव्हरफ्लो नळीतून थेंब येत असेल तर दोष बहुतेक फ्लोटच्या निडलमध्ये असतो, कचरा अडकलेला असतो किंवा ती झिजलेली असते. माझा थेंब मात्र कॉक बंद असतानाही चालू होता, आणि तोही कॉकच्या खटक्यापासून. त्या खटक्याच्या मागे चार भोकांची एक रबरी चकती असते. भोकं समोरासमोर आली की पेट्रोल सुरू, सरकली की बंद. माझी चकती नखाने दाबली तर प्लॅस्टिकसारखी टणक. रबराचं वय तर झालंच होतं, पण आणखी एक कारण आहे. आपल्या पेट्रोलमधलं इथेनॉल २०२२ मध्ये १० टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर गेलं. १९९४ च्या रबरासाठी ही भानगड नवीन आहे. जुनं रबर अशा पेट्रोलमध्ये फुगतं, आणि गाडी उभी राहून ते वाळलं की आकसून कडक होतं. म्हणून टाकी आणि कॉकच्या मधली ओ-रिंग घेताना "व्हिटॉनची द्या" म्हणायचं. थोडी महाग पडते, पण इथेनॉलला टिकते. आणि कृपा करून पेट्रोलच्या जागी सिलिकॉन फासू नका. पेट्रोलमध्ये ते फुगतं, सुटतं आणि तुकडे जेटमध्ये जाऊन बसतात.

कॉकचं किट नाना पेठेत पहिल्याच दुकानात मिळालं. आरएक्सचे चाहते इतके आहेत की अशा वस्तू अजून बनतात. अडलं ते स्प्रॉकेटमागच्या ऑइल सीलपाशी. "आरएक्सचं सील द्या" म्हटलं की कोणी पूर्ण पाकीट दाखवी, कोणी "माल संपला" म्हणे. चौथ्या दुकानातल्या म्हाताऱ्या शेठनी चष्म्यावरून बघत विचारलं, "माप काय?" मी गप्प. "अरे बाळा, सीलला गाडी कळत नाही. त्याला शाफ्ट कळतो आणि भोक कळतं."

तर मंडळी, ऑइल सीलच्या तोंडावर बारीक अक्षरात तीन आकडे असतात. समजा २०-३५-७ लिहिलंय. म्हणजे २० मिलिमीटरच्या शाफ्टवर बसतं, ३५ च्या भोकात बसतं आणि जाडी ७. पुढे टीसी असेल तर आत दोन लिप आहेत, एक तेल अडवायला, एक धूळ अडवायला. एससी असेल तर एकच लिप. एवढं कागदावर लिहून नेलं की मोटरसायकलच्या दुकानाची गरजच नाही. बेअरिंग विकणारे, पंप आणि मशिनरीचे सुटे भाग ठेवणारे, कोणीही देतं. गाडी बंद होऊन कितीही वर्षं झाली तरी बरीचशी मापं चालूच असतात.

आकडे पुसले गेले असतील तर व्हर्नियर घ्यायचं. (फर्स्ट इयरला ज्यांनी रीडिंगं शेजाऱ्याची उतरवली, त्यांनी इथे शिकून घ्यावं.) पण जुनं सील मोजू नका. ते फुगलेलं, वाकलेलं असतं आणि काढताना आपणच त्याला स्क्रू-ड्रायव्हरने मारलेलं असतं. शाफ्ट मोजा आणि सील जिथे बसतं ते भोक मोजा. नवीन सील भोकापेक्षा किंचित मोठं भरतं, ती चूक नव्हे. त्या दाबानेच ते घट्ट बसतं.

सील आलं, बसवलं, आणि दुसऱ्या दिवशी पेपरवर पुन्हा थेंब! शेठना मनात शिव्या घातल्या, पण चूक माझीच होती. शाफ्टच्या टोकाला स्प्रॉकेटसाठी खाचा असतात, त्यांच्या कडा धारदार. त्यावरून सील सरकवताना लिपला चीर गेली होती. काकांनी दुसऱ्यांदा स्वतः उभं राहून करून घेतलं. खाचांवर पातळ प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळायची, लिपला ग्रीस लावायचं, स्प्रिंग दिसते ती बाजू तेलाकडे ठेवायची आणि बरोबर मापाच्या सॉकेटने सगळीकडून सारखं ठोकायचं. तेवढ्यात त्यांनी शाफ्टवर नख फिरवायला लावलं. तीस वर्षांत जुन्या लिपने तिथे बारीक चर पाडला होता. नवीन लिप त्याच चरात बसली तर तेल येणारच. म्हणून सील एखादा मिलिमीटर कमी आत बसवलं, म्हणजे लिप ताज्या जागी टेकली. हे सील किरकोळ वाटतं, पण तिथलं तेल चेनवर जातं आणि चेनवरून उडून मागच्या टायरवर. एकदा पावसात वळणावर माझं मागचं चाक सुटलं होतं. मी रस्त्याला नावं ठेवली होती.

ड्रेन बोल्टचा तांब्याचा वॉशर मात्र फुकटात झाला. दाबून दाबून तांबं कडक होतं. लालसर होईपर्यंत तापवून गार केलं की पुन्हा मऊ होतं. मेटलर्जीच्या प्रॅक्टिकलमधलं ॲनीलिंग म्हणतात ते हेच.

टू-स्ट्रोकवाल्यांसाठी एक धोक्याची गोष्ट राहिली. क्रँकची दोन सीलं गळली तर खाली थेंब पडतीलच असं नाही. क्लचकडचं गेलं तर इंजिन गिअरबॉक्समधलं ऑइल आत ओढून जाळतं. मागे पांढऱ्या धुराचा लोट येतो आणि ऑइल कुठे गेलं कळत नाही. मॅग्नेटकडचं गेलं तर हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होतं आणि थ्रॉटल सोडला तरी इंजिन किंचाळत राहतं. असं झालं तर गाडी चालवू नका, पिस्टन धरतो. या जागी माप जुळलं तरी साधं सील घेऊ नये. आरएक्सची पूर्ण ताकद ७५०० आरपीएमला मिळते. तिथे २० मिमीच्या शाफ्टचा पृष्ठभाग सेकंदाला जवळजवळ ८ मीटर वेगाने लिपवर घासतो, आणि क्रँककेसमध्ये प्रत्येक फेरीला एकदा दाब, एकदा ओढ. इथे चांगल्या कंपनीचं, क्रँकसाठीच बनवलेलं सील आणि जाणता मेकॅनिक, दोन्हींवर पैसे घालवावेत. माझी ही सीलं सुदैवाने ठीक निघाली.

सोमवारी सर खाली आले. मी पेपर उचलून दाखवला. त्यांनी तो उलटसुलट करून, वास घेऊन बघितला आणि काही न बोलता निघून गेले. गुरुवारी मेसबाहेर गाठून हळूच म्हणाले, "माझ्या स्कूटरखाली पण एक थेंब असतो रे, बघशील का?" सध्या सरांच्या स्कूटरखाली पेपर अंथरलेला आहे. पावडर पुन्हा रूममेटचीच.