व्यालालाही सांगाडा लागतो

सांगली जिल्ह्यातल्या विटा-आटपाडी भागातून गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यासाठी देशभर पांगलेली मराठी कुटुंबं चेन्नईच्या सराफ बाजारातही स्थिरावली आहेत. जॉर्ज टाउनमधल्या अशा एखाद्या घरातल्या मुलीला व्हिडिओ गेमसाठी अक्राळविक्राळ प्राणी घडवून, त्या पोर्टफोलिओवर नोकरी मिळवायची असेल, तर काही ठाम समजुती तिला आडव्या येतात. त्यांच्यापायी चांगले हात वाया जातात, म्हणून त्या तपासायला हव्यात.

गैरसमज: राक्षस काल्पनिकच, मग शरीररचना कशाला शिकायची?

हा सगळ्यात घातक. जो प्राणी कुणी पाहिलेलाच नाही, तो खरा वाटायला हाडं आणि स्नायू जास्तच नेमके लागतात. दक्षिणेतल्या देवळांच्या खांबांवरचा याळी, म्हणजे आपला व्याल, घ्या. अंग सिंहाचं, सोंड हत्तीची. नवखा माणूस सोंड नाकाच्या शेंड्याला चिकटवतो आणि प्राण्याने मुखवटा घातल्यासारखं दिसतं. हत्तीच्या कवटीत नाकाचं भोक बरंच वर, डोळ्यांच्या आसपास असतं, आणि सोंडेत हाड नसतंच, नुसते स्नायू. म्हणजे सोंड कपाळाखालूनच उतरली पाहिजे. मग सिंहाचे वरचे सुळे बसवायचे कुठे? हा प्रश्न सोडवता सोडवताच चेहरा घडतो.

जबडा मिटवणारा एक स्नायू गालाच्या हाडापासून खालच्या जबड्यावर उतरतो, दुसरा कानशिलावर पंख्यासारखा पसरतो. तोंड उघडलं की दोन्ही ताणले जातात. सिंहाच्या मागच्या पायात जो उलटा गुडघा वाटतो तो घोटा असतो; खरा गुडघा वर, पोटाजवळ. हे चुकलं तर वर कितीही खवले कोरा, प्राणी रबरी दिसतो.

गैरसमज: सगळं सॉफ्टवेअरच करतं, आणि ते महाग असतं.

झीब्रशला पैसे पडतात, हे खरं. पण ब्लेंडर फुकट आहे, २००२पासून मुक्त स्रोत आहे, आणि त्यात शिल्पकामाची पुरेशी साधनं आहेत. खर्च करायचाच तर आधी पेन टॅब्लेटवर करा, कारण माउसला हाताचा दाब कळत नाही. प्रमाण मात्र कुठलंच सॉफ्टवेअर सांगत नाही. आपल्या शिल्पशास्त्रात चेहऱ्याच्या लांबीवरून, म्हणजे तालावरून, मूर्तीची उंची ठरते. नवताल मूर्ती नऊ चेहऱ्यांएवढी. संगणकावरही आधी ओबडधोबड गोळ्यांत प्रमाण पक्कं करायचं असतं. ते पक्कं होईपर्यंत सुरकुत्यांना हात लावू नये.

गैरसमज: हे फक्त गेमवाल्यांचं काम.

सराफांकडे देवीच्या मुखाचं पदक याच पद्धतीने झीब्रशमध्ये घडतं. थ्रीडी प्रिंटरवर त्याचा मेणाचा किंवा रेझिनचा नमुना निघतो आणि त्यावरून ओतकाम होतं. घरातल्या मोठ्यांना समजावताना चेन्नईच्या सराफ बाजारातल्या एन.एस.सी. बोस रोडवरचं हे उदाहरण कामी येईल.

गैरसमज: जितके जास्त पॉलिगॉन, तितकं काम भारी.

मूळ शिल्पात कोट्यवधी पॉलिगॉन, म्हणजे पृष्ठभाग घडवणारे बारीक बहुकोन, असतात, पण असा प्राणी गेममध्ये चालवता येत नाही. त्यावर हलकी जाळी नव्याने बेतावी लागते, बहुधा काही हजारांपासून लाखभर त्रिकोणांची. सुरकुत्या आणि खवले नॉर्मल मॅपमध्ये, म्हणजे उंचसखलपणाचा भास देणाऱ्या चित्रात, उतरवले जातात. तोंड, डोळे, खांदे यांच्याभोवती जाळीच्या रेषा वर्तुळात फिरवाव्या लागतात, नाहीतर जबडा उघडताच गाल चुरगळतो. हे काम कंटाळवाणं आहे, पण स्टुडिओत रोज करायचं तेच.

गैरसमज: परदेशी ड्रॅगनशिवाय कुणी विचारत नाही.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ २०२०मध्ये आला. त्यात नायिका राजी असुरांशी लढते, आणि तो गेम जगभर खेळला गेला. व्याल, शरभ, गंडभेरुंड अशा काल्पनिक प्राण्यांचे शेकडो नमुने आपल्या देवळांवर आणि किल्ल्यांच्या दरवाजांवर कोरलेले आहेत. ते जाऊन बघावेत, बाजूनेही बघावेत. फोटोत खोली कळत नाही.

गैरसमज: पोर्टफोलिओत खूप कामं हवीत.

तीन-चार पुरतात. कच्चं काम एकच असलं तरी परीक्षकाची नजर तिथेच अडते. प्रत्येक प्राण्याचं रंगाविना करडं शिल्प दाखवा, जाळी दाखवा, नंतर रंगकाम, आणि सगळं साध्या प्रकाशात. धुकं आणि ठिणग्यांमागे आकार लपवू नका. संकल्पचित्र दुसऱ्याचं असेल तर त्याचं नाव ठळक लिहा, आणि त्यातलं नेमकं काय तुम्ही केलं तेही.