वारा हवा त्याला टोपली, वारा नको त्याला कोठी

शाळूची रास झाली, कडब्याची गंज लागली आणि जोंधळ्याची पोती घरात येऊन पडली की आपण सुटकेचा श्वास टाकतो. पण खरी राखण तिथूनच सुरू होते. शेतात गोफण घेऊन पाखरापासून वाचवलेला दाणा घरात आल्यावर सोंडकिडा खातो, उंदीर नेतो, नाहीतर पावसाळ्यात कुबट होतो. शेतातलं नुकसान चारचौघांत दिसतं, पंचनामा होतो. घरातल्या नुकसानीचा पंचनामा कोण करणार?

आज घरात एक चक्कर मारून बघा. जोंधळ्याची पोती भिंतीला टेकून आहेत, त्यांवर अंथरुणं टाकलेली. कांदा प्लॅस्टिकच्या गोणीत तोंड बांधून ठेवलाय, त्याला वास सुटलाय. तुरीच्या डब्यात भुंगे झाले आहेत. बँकेचं पासबुक कुठं आहे विचारलं तर कुणी खुंटीवरची पिशवी दाखवतो, कुणी गादीखाली हात घालतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा! आणि सगळ्यात वाईट म्हणजे पोत्यामागं, पोरांच्या हाताला येईल अशी, फवारणीच्या औषधाची उरलेली अर्धी बाटली.

घर लहान आहे म्हणून हे होत नाही. कोणती वस्तू कशात ठेवायची, याचा विचार सुटला म्हणून होतं.

जुन्या घरात काय होतं?

आपल्या सोलापूर भागातलं माळवदाचं घर आठवा. भिंतीतच धान्याचं बळद असायचं. वेळूची नाहीतर तुराट्यांची विणलेली कणगी शेणमातीनं लिंपून कोपऱ्यात उभी असायची. मडक्यांची उतरंड, आढ्याला शिंकं, भिंतीत देवळी आणि कोनाडा, अशी सगळ्याला आपली जागा होती. ज्याच्याकडं जास्त पीक, त्याचं पेव असायचं. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशाही कोठार रयतेला उघडून दिलं, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. साठवलेला दाणा म्हणजे माणसाचा जीव, हे या मुलखाला वेगळं सांगायला नको. 1972 चा दुष्काळ पाहिलेली माणसं अजून आपल्यात आहेत.

पुढं 1980 मध्ये उजनी धरण पूर्ण झालं, कालव्याखाली ऊस आला, घरांवर स्लॅब पडले. नव्या घरात बळद राहिलं नाही, उतरंड गेली. त्या जागी प्लॅस्टिकचे डबे, पत्र्याच्या कोठ्या आणि खताच्या रिकाम्या गोण्या आल्या. वस्तू बदलल्या, पण त्यांच्यामागचा नियम आपण विसरलो. तो नियम असा: ज्याला वारा हवा ते टोपलीत, ज्याला वारा नको ते कोठीत, आणि विष घराच्या बाहेर.

टोपली कशाला?

कांदा, लसूण, बटाटा हे जिवंत असतात, त्यांना घाम येतो. तोंड बांधलेल्या गोणीत ते गुदमरतात आणि सडतात. त्यांना बुरुडाच्या हातची विरळ विणीची पाटी नाहीतर दुरडी लागते. कांदा फार उंच रचू नका. दोन-तीन पाट्यांत पसरून ठेवा, आठवड्याला एकदा हात फिरवून नासका काढून टाका. बटाटा अंधारात ठेवा, उजेडात तो हिरवा पडतो आणि हिरवा बटाटा खाण्याजोगा नसतो.

रोजच्या पसाऱ्यालाही टोपल्याच कामाला येतात. धुतलेल्या कपड्यांना एक, पोरांच्या वह्या-पुस्तकांना एक, विळी-खुरपं-दोर यांना दाराजवळ एक. वेळूची टोपली प्लॅस्टिकपेक्षा टिकत नाही असं म्हणतात. पण ती ओल्या जागी ठेवली नाही आणि अधूनमधून ऊन दाखवलं तर चांगली टिकते. शिवाय पैसा तालुक्यातल्याच कारागिराच्या घरी जातो.

कोठी कशाला?

जोंधळा, गहू, डाळ यांना उलट हवं. त्यांना ओल नको, वारा नको. पहिली अट म्हणजे दाणा वाळलेला हवा. शंभर किलो धान्यात ओलाव्याचा अंश दहा-बारा किलोपेक्षा जास्त नको. मोजायला यंत्र नसलं तरी दाणा दाताखाली धरा. कट् असा आवाज होऊन तुटला तर वाळला, दबला तर अजून ऊन द्या. उन्हातून उचललेलं धान्य लगेच पत्र्याच्या कोठीत ओतू नका. रात्रभर निवू द्या, नाहीतर आत घाम धरतो आणि बुरशी येते.

एकच मोठी कोठी घेण्यापेक्षा दोन-तीन लहान घ्या. हिशेब सोपा आहे. घरात रोज दोन किलो पीठ लागत असेल तर वर्षाला 730 किलो, म्हणजे सात क्विंटलच्या वर जोंधळा लागतो. तो एका कोठीत ठेवला तर रोज तिचं तोंड उघडणार आणि रोज ओल व कीड आत जाणार. तीन कोठ्यांत भरला तर एक वापरात, दोन बंद. कोठी विटांवर किंवा फळीवर ठेवा, भिंतीपासून वीतभर लांब. पोती ठेवायचीच असतील तर ती नुसत्या फरशीवर नकोत.

जुनं पेव याच युक्तीवर चालायचं. तोंड लिंपून बंद केलं की आतला प्राणवायू संपत जातो आणि कीड मरते. आज मिळणाऱ्या जाड, हवाबंद पिशव्यांचंही तेच तत्त्व आहे. मात्र गावात कुठं पेव शिल्लक असेल तर उघडल्याबरोबर आत उतरू नका. साचलेल्या हवेनं माणूस जागीच पडतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. नुसता दिवा जळतो म्हणूनही निर्धास्त होऊ नका.

डाळी-कडधान्याला भुंगा फार लवकर लागतो. तूर, मूग, हरभरा भरल्यावर वर तीन बोटं जाडीचा कोरड्या, चाळलेल्या वाळूचा थर द्या. खायच्या डाळीला किलोला दोन लहान चमचे गोडेतेल चोळलं तरी चालतं. सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला आपल्या आया-आज्या घालत आल्या, तोही घाला.

बियाणं मात्र खाण्याच्या धान्यात मिसळू नका. मालदांडी 35-1 हा वाण आपल्याच जिल्ह्यात मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडला गेला. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. असं नाव असलेलं बियाणं घरच्या घरी बिघडवायचं का? वेगळा डबा, वर नाव आणि साल. पेरणीआधी शंभर दाणे ओल्या तरटात गुंडाळून ठेवा; पंचाहत्तर किंवा जास्त उगवले तर बिनघोर पेरा.

विष घरात नको

हा भाग दोनदा वाचा. फवारणीचं औषध, उंदराचं औषध, तणनाशक यांच्यासाठी कुलूप लागणारी पेटी घ्या आणि ती गोठ्याच्या उंच कोपऱ्यात ठेवा. राहत्या घरात नको, वैरणीजवळ नको. औषध पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नका. औषधाचा डबा कितीही घासला तरी धान्याला, तेलाला, पाण्याला चालत नाही. तीनदा विसळून, ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतून, डब्याला भोक पाडून निकामी करा. खताच्या गोणीत खायचं धान्य भरू नका.

धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या काहीजण चोरून आणतात आणि त्याच खोलीत माणसं झोपतात. त्या गोळ्यांतून निघणारा वायू झोपेतच जीव घेतो आणि त्यावर उतारा नाही. प्रशिक्षित माणसाशिवाय कुणी त्या हाताळायच्या नाहीत, असा कायदा आहे. धान्य नीट वाळवलं आणि बंद ठेवलं तर त्यांची गरजच पडत नाही. चुकून कुणाच्या पोटात औषध गेलंच तर घरी ओकाऱ्या काढत बसू नका. 108 ला फोन लावा आणि डबा दवाखान्यात सोबत न्या.

कागदपत्रांची पेटी

सातबारा आता ऑनलाइन मिळतो हे खरं. पण जुनं खरेदीखत, वाटणीपत्र, कर्जफेडीच्या पावत्या, पीकविम्याची पावती एकदा भिजली की हेलपाटे सुरू होतात. एक झाकणाची पत्र्याची पेटी, आत प्लॅस्टिकची पिशवी, आणि घरातल्या दोन माणसांना जागा ठाऊक. त्यातली एक घरधनीण असावी.

गावच्या कारभाऱ्यांनाही विनंती आहे. मृगाच्या आधीच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. बचत गटांनी एकत्र मागणी दिली तर पाट्या, कोठ्या स्वस्तात पडतील. विषाची पेटी कुलपात आहे का, एवढी एक गोष्ट जरी घरोघर पाहिली तरी पुष्कळ झालं.

आणि हे काम एकट्या बाईच्या माथी मारू नका. रास दोघांनी केली, तर राखणही दोघांनी करायची.