मुक्तस्रोत प्रणालीचा वाली कोण?

ज्या संगणकप्रणालीची मूळ संहिता कोणासही वाचता, बदलता आणि पुन्हा वाटता येते, तिला मुक्तस्रोत प्रणाली म्हणतात. आणि बँकेच्या व्यवहारापासून खिशातल्या फोनपर्यंत आपला पुष्कळसा कारभार आज अशा प्रणालींवर चालत असल्यामुळे, त्यांची देखभाल कोणी करीत आहे की नाही, हा प्रश्न केवळ तज्ज्ञांचा राहिलेला नाही.

बहुतेक जण याचे उत्तर शेवटच्या आवृत्तीच्या तारखेत शोधतात. परंतु ही साक्ष एकटी ग्राह्य धरता येत नाही. गणिती मजकुराच्या सुबक जुळणीसाठी डोनाल्ड कनुथ यांनी निर्मिलेल्या 'टेक' या प्रणालीत नवी भर घालणे त्यांनी १९९० सालीच थांबविले. तेव्हापासून केवळ दोष दुरुस्त होतात, आणि आवृत्तीच्या क्रमांकात 'पाय' या स्थिरांकाचा आणखी एक अंक वाढतो. साचलेल्या तक्रारींची छाननी त्यांनी २०२१ साली केली, पुढची २०२९ साली करण्याचे योजिले आहे. ही शांतता परिपूर्तीची आहे. तिला मृत्यू समजणे हा अन्याय होईल.

याउलट, नाव कायम राहूनही कर्तृत्व अन्यत्र गेल्याचे उदाहरण 'ओपनऑफिस' या कार्यालयीन कामाच्या प्रणालीचे आहे. २०१० साली ती चालविणारी सन कंपनी ओरॅकलच्या ताब्यात गेल्यावर, त्याच वर्षी अनेक कार्यकर्त्यांनी बाहेर पडून 'लिब्रेऑफिस' उभे केले, आणि मूळ प्रकल्प पुढे अपाची प्रतिष्ठानाच्या हवाली झाला. त्यानंतर तेथे मनुष्यबळ इतके तोकडे पडले की, २०१५ च्या एप्रिलमध्ये जाहीर झालेला सुरक्षेचा एक दोष दूर करणारी आवृत्ती ऑक्टोबरअखेर आली, आणि पुढल्याच वर्षी प्रकल्प बंद करण्याची शक्यता खुद्द त्याच्या प्रमुखांना चर्चेस ठेवावी लागली. प्रसिद्ध नाव हे देखभालीचे प्रमाणपत्र नव्हे.

आणि केवळ लगबग हेही प्रमाणपत्र नव्हे. माहिती आटोपशीर साठविणारी 'एक्सझेड' ही प्रणाली वर्षानुवर्षे मुख्यतः एकाच स्वयंसेवकाच्या खांद्यावर होती. काम संथ चालल्याबद्दल त्याच्यावर दडपण येत असताना एका अनोळखी मदतनीसाने दोन वर्षांहून अधिक काळ निमूटपणे काम करून विश्वास संपादन केला, आणि अखेर २०२४ साली नव्या आवृत्तीत चोरदरवाजा बसविला. दूरच्या संगणकात प्रवेश करण्यास अर्धा सेकंद अधिक का लागतो, या शंकेचा पाठपुरावा आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने केला, म्हणूनच हा चोरदरवाजा व्यापक अनर्थ होण्यापूर्वी मार्च महिन्यात उघडकीस आला.

तेव्हा एखाद्या प्रकल्पाची परीक्षा करताना तारखेपलीकडे पाहावे: सुरक्षेच्या तक्रारीची दखल किती दिवसांत घेतली जाते, बदलांची तपासणी एकाहून अधिक जाणते लोक करतात काय, आणि आजचा सांभाळणारा उद्या थांबला तर कारभार कोणाकडे जाईल, याची तजवीज दिसते काय. या तीन प्रश्नांची उत्तरे बहुधा प्रकल्पाच्या खुल्या दप्तरातच सापडतात.

मात्र परीक्षा घेणाऱ्यावरही एक कर्तव्य येते. जे विनामूल्य मिळते त्यामागे कोणाचे तरी श्रम असतात. म्हणून ज्या संस्था या प्रणालींवर आपला कारभार चालवितात त्यांनी आर्थिक साहाय्य द्यावे, आणि ज्याला ते शक्य नाही त्याने दोष नीट कळवावा किंवा मराठी अनुवादास हातभार लावावा. देखभाल कोण करतो, असे विचारण्याचा अधिकार सर्वांना आहे. तिचा भार उचलण्याची जबाबदारीही तितकीच सर्वांची आहे.