जामीनकीची सही आणि कोरियन मालिका

कोरियन मालिकांचे वेड आता महानगरांपुरते उरलेले नाही. डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात, आमच्या सरावलीतही, दुकान वाढवून घरी आलेली तरुण मंडळी मोबाइलवर सोलच्या गल्ल्यांत रमलेली दिसतात. मांसाहार आणि मद्यपानाची दृश्ये या मालिकांत पावलोपावली असतात. आपल्या घरांत ती खटकणारच. तरीही व्यापारी कुटुंबांनी लक्ष द्यावे असे एक सूत्र त्यांत वारंवार आढळते. ते म्हणजे कर्ज, आणि त्याचा घरावर पडणारा भार.

२०१५-१६ मध्ये प्रसारित झालेली ‘रिप्लाय १९८८’ ही मालिका सोलमधील सांगमुन-दोंग या वस्तीतील पाच शेजारी कुटुंबांची कथा आहे. नायिकेचे वडील बँकेत नोकरीला. मित्राच्या कर्जाला ते जामीन राहिले आणि ते कर्ज त्यांच्याच अंगावर आले. पगाराचा मोठा हिस्सा फेडीत जातो आणि तीन मुलांचे कुटुंब अर्धतळघरात दिवस काढते. मनाने हा गृहस्थ अत्यंत उदार. रस्त्यावरच्या गरीब विक्रेत्याची दया येऊन नको असलेल्या वस्तूही घेऊन येणारा. बँकेच्या माणसाला जामीनकीचा अर्थ ठाऊक नसेल, असे कसे म्हणावे? परंतु मैत्रीच्या भरात सही एकाने केली आणि तिची किंमत घरातील प्रत्येकाने मोजली.

गंमत अशी, की २०२१ मध्ये गाजलेल्या ‘स्क्विड गेम’मधील दोन प्रमुख पात्रेही याच सांगमुन-दोंगची. त्यांतील सांग-वू हा नामांकित विद्यापीठाचा पदवीधर. वायदेबाजारात बुडालेल्या या मुलाने आईचे घर आणि दुकान तारण ठेवलेले असते. बाजारात मासळी विकणारी ती माता मात्र मुलाच्या हुशारीचे कौतुक करीत असते. मालिकेतील हिंसा भयंकर आहे आणि ती मुलांसमवेत पाहण्याजोगी मुळीच नाही. मला मात्र त्या हिंसेहून त्या माउलीचे अज्ञान अधिक अस्वस्थ करून गेले.

‘ट्वेंटी-फाइव्ह ट्वेंटी-वन’ (२०२२) या मालिकेला १९९७ च्या आर्थिक संकटाची पार्श्वभूमी आहे. वडिलांचा उद्योग बुडतो, घर विखुरते आणि दारी आलेल्या देणेकऱ्यांपुढे तरुण मुलगा मान खाली घालून उभा राहतो. याच संकटकाळात सुमारे ३५ लाख कोरियन नागरिकांनी घरातील अंगठ्या-साखळ्या पुढे केल्या आणि सुमारे २२७ टन सोने गोळा झाले. १९९१ मध्ये आपल्या देशालाही सुमारे ४७ टन सोने इंग्लंडच्या बँकेकडे गहाण ठेवावे लागले होते, हे अनेकांना स्मरत असेल.

बँकेतील नोकरीत “मी तर फक्त सही केली होती” हे वाक्य जामीनदारांच्या तोंडून मी अनेकदा ऐकले. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ नुसार, करारात वेगळे ठरले नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराची मालमत्ता विका आणि मगच माझ्याकडे या, असे सांगण्याचा हक्क त्याला सहसा नसतो. ती हमी त्याच्या स्वतःच्या पतनोंदीतही दिसते. पुढे स्वतःच्या पेढीसाठी कर्ज मागताना ती आड येऊ शकते.

आप्तेष्ट, व्यवहारातील माणसे, समाजबांधव यांना नाही म्हणणे आपल्याला जड जाते, हे खरे. म्हणून सहीपूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: ही सारी रक्कम उद्या मला भरावी लागली, तर मी भरू शकेन काय? उत्तर नकारार्थी असेल, तर जमेल तेवढी मदत रोख द्यावी. तिची मर्यादा आपल्या हाती राहते. सही करायचीच असेल, तर पत्नीला व मुलांना आधी सांगावे आणि हमीपत्राची प्रत घरी ठेवावी. हेमचंद्राचार्यांनी मार्गानुसारीच्या पस्तीस गुणांत उत्पन्नाला साजेसा खर्च हा गुण गणला आहे. दुसऱ्यासाठी दिलेली हमी हाही एक संभाव्य खर्चच होय; वर्षाचा हिशेब मांडताना तिचीही नोंद घरच्या वहीत असावी.