‘जामीन’ म्हणजे माणूस

गारखेड्यातील एखाद्या नोकरदाराने पतसंस्थेच्या कर्जाचा अर्ज भरावयास घेतला की पहिला प्रश्न निघतो तो ‘जामीन कोण राहणार?’ हा. तोच मनुष्य वृत्तपत्रात ‘आरोपीला जामीन मिळाला’ ही बातमी वाचतो. एके ठिकाणी जामीन ‘राहावे’ लागते, दुसऱ्या ठिकाणी तो ‘मिळतो’. एकाच शब्दाची ही दोन रूपे विचार करावयास लावणारी आहेत.

शब्द मूळचा अरबी. त्याचा अर्थ हमी घेणारा माणूस. फारसीच्या वाटेने तो मराठीत आला. हजर राहण्याची हमी घेणारा हाजीरजामीन, पैशाची घेणारा मालजामीन आणि वर्तणुकीची घेणारा फेलजामीन, असे त्याचे जुने प्रकार. कल्पना मात्र आपल्याकडे त्याहून प्राचीन आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत ‘प्रतिभू’ म्हणजे हमीदार सांगितला असून दर्शन, प्रत्यय आणि दान ही त्याच्या हमीची तीन कारणे दिली आहेत. निजामी अमलात मराठवाड्याच्या कचेऱ्यांचा कारभार आधी फारसीत व पुढे उर्दूत चालला. त्यामुळे हा शब्द येथे परका वाटलाच नाही.

पतसंस्थेत जामीन अद्याप माणूसच आहे. न्यायालयाच्या भाषेत मात्र तो सुटका आणि तिची रक्कम या अर्थी रूढ झाला. ज्याची पत नाही त्याला कर्ज नाही, हा बाजाराचा नियम झाला; परंतु ज्याची पत नाही त्याला सुटकाही नाही, हा न्यायाचा नियम कसा होऊ शकेल?

१९७८ साली मोतीराम नावाच्या गवंड्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. खालच्या न्यायालयाने दहा हजार रुपयांचा जामीनदार मागितला होता आणि भाऊ परजिल्ह्यातला म्हणून त्याला नाकारले होते. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते अमान्य करून हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सुटकेचा आदेश दिला. तरीही जामीन मंजूर होऊन तुरुंगातच राहिलेल्या कैद्यांसाठी २०२३ मध्ये त्याच न्यायालयाला पुन्हा निर्देश द्यावे लागले.

जातमुचलका म्हणजे स्वतःच स्वतःची दिलेली हमी. गारखेड्यात इतरांची घरे बांधावयास परगावाहून आलेल्या गवंड्याला या शहरात जामीन राहणारा कोण मिळणार? त्याचे कुटुंब, काम आणि वास्तव्य हीच त्याची पत मानली पाहिजे. हमी माणसाची असते, मालमत्तेची नव्हे, हेच तो जुना शब्द सांगत आला आहे.