केस तांबूस झाले : दोष उन्हाचा, विहिरीचा की ताटाचा?

मे महिना लागला की आमच्या खानापूर भागातली मुले घरात सापडत नाहीत. सकाळी काजूच्या बिया वेचायच्या, दुपारी विहिरीत नाही तर मलप्रभेच्या डोहात उड्या मारायच्या. सुटीत बेळगावला मामाकडे गेली तर तिथला जलतरण तलाव आहेच. जून येईपर्यंत काळेभोर केस मक्याच्या कणसाच्या शेंडीसारखे तांबूस आणि राठ होतात. मग आया विचारतात, "फादर, हे उन्हाने झाले की पंचायत विहिरीत पावडर टाकते त्याने?" एका बाईंनी तर विहिरीत पावडर टाकू द्यायची नाही असा निश्चयच केला होता. म्हणून हा विषय जरा नीट समजून घेऊ.

केसाचा जिवंत भाग फक्त कातडीच्या आत, मुळाशी असतो. बाहेर दिसतो तो केस नखासारखा निर्जीव. हाताला जखम झाली तर ती भरून येते. केसाला झालेली इजा कधीच भरून येत नाही. बाटलीवर काहीही छापलेले असो, फाटलेले टोक पुन्हा जुळत नाही, ते कापावेच लागते. म्हणून केसांच्या बाबतीत जे करायचे ते आधी करायचे.

केसावर अतिसूक्ष्म खवल्यांचे आवरण असते. आपल्या छपरावर कौले जशी एकावर एक चढवून बसवलेली असतात, तशीच त्यांची रचना. त्याच्या आत केराटिन नावाचे प्रथिन आणि काळा रंग देणारे मेलॅनिन असते. उन्हातले अतिनील किरण मेलॅनिनचा रंग उडवतात व केराटिनमधले गंधकाचे बंध तोडतात. कौले सरकली की घर गळू लागते, तसा असा केस पाणी भराभर शोषतो, फुगतो, आणि वाळताना आणखी खरखरीत होतो.

आता क्लोरीनचे पाहू. तलावाच्या पाण्यात जंतू मारण्यासाठी लिटरमागे साधारण १ ते ३ मिलिग्रॅम क्लोरीन ठेवतात. मूल त्यात तास तास डुंबते, मग ओल्या डोक्याने उन्हात बसते. त्याने केसाचा रंग व तुळतुळीतपणा जातो, हे खरे. (परदेशात सोनेरी केस तलावात हिरवे होतात, तो मात्र क्लोरीनचा रंग नव्हे. शेवाळ मारायला पाण्यात मोरचूद टाकतात, त्यातल्या तांब्याचा तो रंग. सुपारीवर बोर्डो मिश्रण फवारणाऱ्यांना हा रंग दाखवायला नको. आपल्या काळ्या केसांवर तो दिसत नाही. पिकलेल्या केसांवर मात्र दिसू शकतो.)

पिण्याच्या विहिरीची गोष्ट वेगळी. हजार लिटर पाण्याला साधारण २.५ ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर पुरते, आणि तासाभराने पाण्यात लिटरमागे अर्धा मिलिग्रॅमच्या आसपास क्लोरीन उरते. त्या पाण्याने दोन तांबे डोक्यावर घेतल्याने केस तांबडे होत नाहीत. पण पावडर बंद केली तर पावसाच्या तोंडावर जुलाब-उलट्या दारात उभ्या राहतील. तेव्हा पावडर पडू द्या. फक्त ती टाकलेल्या दिवशी पोरांना विहिरीत उड्या मारू देऊ नका, म्हणजे झाले.

उपाय घरातलेच आहेत. केस स्वतःच्या वजनाच्या सुमारे तीस टक्के पाणी पितो. म्हणून तलावात उतरण्यापूर्वी डोके साध्या पाण्याने निथळेपर्यंत भिजवावे. आधीच प्यालेला केस तलावाचे पाणी कमी पितो. बाहेर येताच पुन्हा साध्या पाण्याने धुवावे. घरी जाऊन धुऊ म्हणू नये.

खोबरेल तेलाबद्दल आपल्या आज्यांचे म्हणणे खरे ठरले आहे. २००३ साली मुंबईच्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची तुलना छापली. केसातले प्रथिन धुऊन जाणे खोबरेलाने कमी झाले, इतर दोघांनी नाही. खोबरेलाचे कण लहान व सरळ असल्याने ते केसाच्या आत शिरते. पण ते न्हाण्याआधी लावायला हवे; रात्री थोडे चोळून सकाळी न्हावे. तेल थापून तलावात मात्र उतरू नये, इतरांचे पाणी खराब होते.

कपडे धुण्याच्या वडीने डोके धुण्याची सवय अजून बऱ्याच घरांत आहे. ती सोडावी. त्या साबणातल्या क्षाराने खवले उघडतात. शिकेकाई किंचित आंबट असल्याने तसे करत नाही. ओला केस ताणला की तुटतो, म्हणून फणी रुंद दातांची घ्यावी आणि शेंड्याकडून वर विंचरत जावे.

शेतात धूळवाफ पेरणीच्या दिवसांत डोक्यावर दुहेरी पंचा किंवा जाड पदर असावा. पातळ कापड घामाने भिजले की त्यातून ऊन अधिक आत येते. टक्कल पडलेल्या पुरुषांनी तर टोपी विसरूच नये, कारण त्यांची कातडीच उघडी असते.

आता ज्यासाठी एवढे लिहिले ते सांगतो. लहान मुलांचे तांबूस केस दरवेळी उन्हाने झालेले नसतात. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. उन्हाने विटलेल्या केसांची टोके तांबडी असतात, पण कातडीजवळचा नवा केस काळाच निघतो. मुळाशीही केस फिकट, विरळ असेल, हलक्या हाताने ओढताच निघत असेल, तर मुलाच्या पोटात पुरेसे अन्न, विशेषतः प्रथिने, जात आहेत की नाही ते पाहावे. कधी एकाच केसावर फिकट आणि काळे पट्टे दिसतात. उपासमारीचे महिने आणि बरे महिने तिथे नोंदलेले असतात. गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, काम करणाऱ्या डॉक्टर सिसिली विल्यम्स यांनी १९३० च्या दशकात या आजाराचे वर्णन केले आणि तिथल्या लोकांच्या बोलीतलेच त्याचे नाव, क्वाशिओरकोर, वैद्यकात आणले. धाकटे भावंड आल्यावर अंगावरचे दूध तुटलेल्या मुलाला तो होतो. असे मूल कधी गुबगुबीतही दिसते, कारण अंगावर सूज असते. आई समजते, बाळ भरले.

अशा मुलाला अंगणवाडीत नेऊन दंडाचा घेर मोजून घ्यावा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा घेर ११.५ सेंटिमीटरहून कमी असेल तर ते तीव्र कुपोषण होय. घेर बरा असला तरी दोन्ही पावलांवर अंगठा दाबून तीन सेकंद धरा. अंगठा काढल्यावर खळगा तसाच राहिला, तर तेल-शिकेकाईत वेळ न घालवता त्याच दिवशी मुलाला सरकारी दवाखान्यात न्यावे.